नेन, नीन आणि नेने

“पानी आलं कुठून?” फळ्यावर नदीची रेघ ओढण्याआधी आमचे भूगोलाचे सर हा प्रश्न विचारायचेच. उत्तर येईपर्यंत खडू हवेत तसाच. अकोल्याच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. सर मूळचे हिवरखेडचे. घरात, बाजारात, वर्गात एकच बोली, वऱ्हाडी. असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील.

अमरावतीला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. प्रत्येकानं नमुना पाठ द्यायचा होता. सरांनी निवडली इंग्लंडमधली नेने नदी. टेकड्यांमधल्या झऱ्यांतून ती निघते, नॉर्थॅम्प्टनवरून पीटरबरोला जाते, मग सपाट, पाणथळ मुलखातून उत्तर समुद्राला मिळते. सर रंगले.

“आपल्याकडं नेने म्हनजे आडनाव. हवाई बेटांवर नेने म्हनजे रानहंस. एका जुन्या विमानाच्या इंजिनालेही याच नदीचं नाव देलं. अन् गंमत पाहा, नॉर्थॅम्प्टनचे लोक तिले ‘नेन’ म्हनते, पीटरबरोचे ‘नीन’.”

बाहेरून आलेल्या तज्ज्ञ साहेबांनी हात वर केला. “तिले, इंजिनाले... मुलांनी हेच शिकायचं का?”

सभागृह हसलं. मीही हसलो.

“साहेब, त्या दोन गावांतलं शुद्ध कोनतं, सांगा न.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “पुढचा पाठ.”

भाषा अशुद्ध, असा अभिप्राय शाळेत आला. पंधरा दिवसांत मुख्याध्यापकांनी सरांचे नववी-दहावीचे वर्ग काढून घेतले. उभा जन्म शिकवण्यात घालवलेला माणूस मधल्या सुट्टीत नळाजवळ मुलांच्या रांगा लावत उभा. त्या शिक्षेची किळस यायची. आपण गप्प आहोत, याची जास्त.

फेब्रुवारीत मराठी दिन आला. मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये गोड हसत म्हणाले, “सर, तेच साहेब पाहुणे आहेत. तुमची ती वऱ्हाडी होऊन जाऊ द्या. धोतर-टोपी आपण आणू. लोक पोट धरून हसतील.”

सर शांतपणे म्हणाले, “मी वऱ्हाडी करून नाही दाखवत. मी बोलतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. कार्यक्रमात मग एका शिक्षकानं खोटी मिशी लावून सरांचीच नक्कल केली. साहेबांनी टाळ्या पिटल्या. आमच्या मराठीचा तो गौरव मला बघवेना. मी उठून बाहेर आलो. तेही फार उशिरा.

उन्हाळ्यात सर गावी निघाले. मी बसस्थानकावर गेलो. पिशवी त्यांनी मला धरू दिली नाही.

“सर, अमरावतीला मीही हसलो होतो.”

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “तुमी? मले वाटलं, तुमाले ठसका लागला.”

हिवरखेडची गाडी लागली. ते चढले आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसले.