चौकातला विसावा

पुढं अंत्ययात्रा चालली असेल तर मागच्यानं हॉर्न मारायचा नाही. रिक्षा डाव्या अंगाला घ्यायची, इंजिन बंद करायचं, चप्पल काढून एक पाय रस्त्यावर टेकवायचा आणि तिरडी लांब जाईपर्यंत गप बसायचं. शिवाजी पेठेतल्या आमच्या रिक्षा स्टॉपवर नव्वदच्या दशकात हा नियम होता. कुठं लिहिलेला नव्हता, तरी सगळे पाळायचे. मागचा पॅसेंजर "अहो, माझी एसटी चुकंल की!" म्हणून ओरडला, तर मी सरळ सांगायचो, "मग उतरा आणि चालत जावा." हुपरीच्या एका चांदीवाल्याला मी असा भर उन्हात उतरवला होता.

मेलेल्यांसाठी एवढी माया! जित्यांसाठी मात्र हात कायम भोंग्यावर. आणि माझा रबरी भोंगा तर अख्ख्या पेठेत नावाजलेला.

आई रोज सकाळी आमच्या घराजवळचा मोठा चौक ओलांडून मंडईत जायची. तिला गाड्यांची भयंकर भीती. पिशवी छातीशी धरून ती कडेला पंधरा-पंधरा मिनिटं उभी राहायची. एक पाऊल पुढं टाकायची, दोन मागं घ्यायची. कुणी म्हणजे कुणी थांबायचं नाही.

एकदा मी घाईत होतो. समोर कुणीतरी म्हातारी त्याच चौकाच्या मधोमध अडकलेली, पाठमोरी. मी भोंगा दाबला आणि ओरडलो, "ए म्हातारे, मरायचंय काय?"

ती दचकली. पिशवी पडली, वांगी रस्त्यावर घरंगळली. ती वळली, बघतो तर आई.

"तू व्हय रं!" ती हसत म्हणाली. "मला वाटलं, दुसरंच कोण तरी हाय." तिनं ही गोष्ट गल्लीभर सांगितली आणि वर म्हणायची, "आता मी मेल्यावरच थांबत्याल बघा गाड्या माझ्यासाठी." सगळे हसायचे. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशीची वांग्याची भाजी मी ताटात तशीच ठेवली.

नंतर काही वर्षांनी त्या चौकात सिग्नल बसला. पूर्वी तिथंच कडेला विसाव्याचा दगड होता. मसणवटीकडं जाताना तिरडी वाटेत एकदा खाली ठेवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या आणि मग पुन्हा उचलायची, तो विसावा. रस्ता रुंद करताना दगड काढला आणि विसावा पुढच्या लिंबाच्या झाडाखाली गेला. लोकांनीही मुकाट्यानं मान्य केलं.

आई गेली ती कामाच्या वारी, सकाळी. अकराच्या सुमाराला आम्ही चौकात पोचलो. विस्तवाचं मडकं धरून मी पुढं, मागं तिरडी. नवा हवालदार शिट्टी फुंकत आडवा आला. "ओ पावणं, थांबू नका! पटापट निघा, लाल पडतोय!" मागं एका मोटारवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना.

नेसरीचा मामा माझ्या कानाशी म्हणाला, "चल रं, फुडं लिंबाखाली ठेवू."

माझं डोकं फिरलं. आयुष्यभर पटापट निघ म्हणून हाकललं तिला, आणि आजपण? मी चौकाच्या मधोमध मडकं खाली ठेवलं. मडकं टेकलं की तिरडीही खाली ठेवावीच लागते, मग हवालदार असो नाहीतर कलेक्टर. खांदेकरी एकमेकांकडं बघत राहिले. मग तिरडी खाली उतरली. बरोबर तिथंच, जिथं वांगी सांडली होती.

"वेडा झालास काय? लायसन काढ!" हवालदार सवयीनं खेकसला.

"धोतराला खिसा न्हाय, साहेब. हात रिकामं झालं की घिऊन येतो."

एवढ्यात आमच्या स्टॉपची पोरं पुढं झाली आणि चारी बाजूंना उभी राहिली. रिक्षांची इंजिनं एकामागोमाग बंद झाली. त्या मोटारवाल्यालाही काय वाटलं कोण जाणे, त्यानं हॉर्नवरचा हात काढला. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, कुणी हललं नाही. मी मुद्दाम घाई केली नाही. आई लावायची तेवढा वेळ लावला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून मी मुंडलेल्या डोक्यानं चौकीत गेलो. लायसन टेबलावर ठेवलं. हवालदारानं कोरा कागद पुढं सरकवला. "लिहून द्या. चौकात काय केलं, चूक झाली, पुन्हा होणार नाही."

लिहिणार नव्हतोच. पण पेन हातात घेतलं आणि लिहिलं:

"याच चौकात मी माझ्या आईला हॉर्न मारला. चूक झाली. पुन्हा होणार नाही."

खाली सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.