पार्किंगमधलं ब्राझील

पाचचा चहा झाला की मंदाकिनीकाकू रोज पदर खोचत, रिकाम्या सिलिंडरखालची चाकांची ट्रॉली ओढून काढत, तिच्यावर एक बादली उपडी बांधत आणि लिफ्टने खाली पार्किंगमध्ये उतरत. तिथे पोचल्या की त्या दुसऱ्या देशाचा रोबो असत.

खरा रोबो मुलांचा होता. सोसायटीतल्या सुरुची, आमोद आणि केदार या अकरावीतल्या तिघांनी तो हवामानबदलावरच्या जागतिक स्पर्धेसाठी बनवला होता. मैदानात पसरलेले काळे चेंडू म्हणजे हवेतला कार्बन. रोबोने ते वेचून मधल्या जाळीच्या टाकीत टाकायचे. इतर देशांचे रोबो आडवे येणार, त्यांना ढकलायची मुभा होती. पण सरावाला दुसरा रोबो आणायचा कुठून? काकू खडकीच्या कारखान्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, “अडवायचंच आहे ना? जन्मभर फायली अडवल्यात. आणा ती काठी.”

तेव्हापासून आमोद रोबो चालवायचा आणि काठीने ट्रॉली ढकलत त्या त्याला आडव्या जात होत्या.

रविवारी हिंजवडीत दुसऱ्या एका संघाशी सराव सामना झाला. सोमवारी मुलं तोंडं पाडून खाली बसली होती.

“समोर कुणी आलं की आपला रोबो थांबतो, बाजूला होतो, ते गेलं की मग निघतो,” सुरुची म्हणाली. संघाची कप्तान तीच.

“लग्नाच्या पंगतीत असल्यासारखा,” केदार म्हणाला. “आधी आपण बसा.”

“आजपासून जॉयस्टिक केदारकडे,” सुरुचीने ठरवून टाकलं.

आमोद फडकं घेऊन एकेक चेंडू पुसत राहिला. काकूंच्या पायाला लागू नये म्हणून हा मुलगा रोज रोबो वळवून घ्यायचा, सवय तिथेच लागली होती. वर ‘किती समजूतदार’ म्हणून कौतुक त्यांनीच केलं होतं.

“एक डाव आमोदला दे,” त्या सुरुचीला म्हणाल्या. “मग तुझं तू ठरव.”

डाव सुरू झाला. काकू आडव्या गेल्या. रोबो अदबीने वळला.

“का रे वळवलास?”

“तुम्ही होतात, काकू.”

“मी नव्हते. ब्राझील होतं.”

“हो, काकू.”

“ब्राझीलला काकू म्हणतात? अहोजाहो बंद. ए ब्राझील म्हण.”

आमोदचे कान लाल झाले. “ए... ब्राझील.”

“ऐकू नाही आलं. ब्राझील फार लांब आहे.”

“ए ब्राझील, बाजूला हो!”

सुरुची हसत हसत कुणाच्या तरी स्कूटरवर टेकली. काकूंनी ट्रॉली पुन्हा टाकीच्या वाटेत घातली. रोबो समोर येऊन क्षणभर घुटमळला. काकूंनी काठी घट्ट धरली आणि मुद्दाम आमोदकडे पाहिलंच नाही. मग मोटरचा आवाज चढला. बादली उडाली, ट्रॉली गरगरत खांबावर आपटली आणि काळे चेंडू धडाधड टाकीत पडले. काकूंच्या हातात नुसती काठी राहिली. त्यांनी ती बगलेत धरून टाळ्या वाजवल्या.

केदारने जॉयस्टिकसाठी हात पुढे केला नाही. सुरुची म्हणाली, “राहू दे त्याच्याकडेच.”

आमोद मात्र जॉयस्टिक टाकून धावत आला. “काकू, लागलं का हो?”

“छे रे. ते चेंडू उचला आधी, इथे श्रीनिवासरावांची गाडी लागायची वेळ झाली.”