बांधाच्या पोटातली धुम्मस

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणाऱ्यांपैकी आहे. आयुष्य गिरणीच्या हिशेबखात्यात गेलं. ज्याची बेरीज जुळत नाही ते चुकलेलं असतं, असं मानणारा माणूस मी. तरीही हे लिहितोय, कारण ही एक बेरीज अजून जुळलेली नाही.

दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. वेळ अमावस्येला आम्ही सोलापुरातनं, भवानी पेठेतल्या घरून, माझ्या सासुरवाडीला गेलो. अक्कलकोटच्या बाजूला. सासुरवाडीचं शेत एका लहान तलावाच्या बांधाखाली आहे. तलाव जुना, मातीच्या बांधाचा. अलीकडे शहरातल्या एका क्लबने तिथे बोटी आणल्या, बांधावर झाडं लावली, खाली बाग केली. रविवारी गर्दी असायची.

आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी... वेळ अमावस्येला शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करतात, पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजतात, मडक्यातली आंबील उभ्या पिकावर शिंपडत शेताला फेरी मारतात आणि मग तिथेच जेवतात. त्या वर्षी माझ्या मेहुण्याने, मल्लिनाथने, कोप थेट बांधाच्या पायथ्याशी केली होती. पूर्वी तिथे बारमाही ओल असे. क्लबने त्यावर सिमेंटचा प्रशस्त ओटा बांधला होता.

"बघा की दाजी, आदी हितं पाय रुतायचा," मल्लिनाथ म्हणाला. "आता कसं कोरडं ठणठणीत."

मी विचारलं, मग ते पाणी गेलं कुठे? त्याला प्रश्नच कळला नाही. सवयीने मी बांधावर चढून आलो. उंची वीस-बावीस फूट असेल. उन्हाळ्यात बोटी चालाव्यात म्हणून सांडव्यावर फळ्या ठोकून पाणी अडवलेलं, त्यामुळे ते माथ्याखाली जेमतेम दोन फूट. मी खाली येऊन तसं बोललो.

"दाजी, जेवायला आलाय का मापं घ्यायला?" तो म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो.

भावकी धरून पंचवीस-तीस माणसं होती, त्यात माझ्या दोन मुली. पूजा झाली. उशीर झाला म्हणून मल्लिनाथने फेरी जेवणानंतर ठेवली. सासूबाईंना ते रुचलं नाही, आधी फेरी, असं त्या म्हणाल्याही, पण त्याने ऐकलं नाही. पानं मांडली. मी बांधाला पाठ टेकून बसलो, आणि पाठीला ठोका लागला.

धप्... धप्... धप्... मग जरा थांबून पुन्हा धप्.

हा आवाज मला दुष्काळात सासुरवाडीला येता-जाता पाठ झाला होता. दुष्काळी कामांवर बायाबाप्ये माती बसवायला धुम्मस मारायचे, जड लोखंडी, दोन्ही हातांनी उचलून. तीन ठोके, मग दम. मला वाटलं, वर कोणीतरी बांध ठोकतंय. पुन्हा चढलो. माथ्यावर चिटपाखरू नव्हतं. बोटी पलीकडच्या काठाला बांधलेल्या, बोटवालेही सणाला गेलेले. खाली येऊन पाठ टेकली... आवाज चालूच.

मी बायकोला, शांताला, बोलावलं. काही न सांगता तिचा हात बांधाच्या गवतावर ठेवला. तिने हात झटकन काढला.

"अहो, आत कोण ठोकतंय?"

मल्लिनाथने कान लावला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. दाजींनी उपाशीपोटी ऊन सोसू नये, म्हणाला.

तेवढ्यात मला ओट्याची कड दिसली. सिमेंटला चीर गेली होती आणि तिच्यातून बोटभर पाणी उसळत होतं, गढूळ. तलावाचं पाणी तर नितळ होतं. मग ही माती कुठली? ती बांधाच्या पोटातलीच असणार.

उठा म्हटलं. कोणी उठेना. वाढलेल्या पानावरून उठायचं नसतं, तेही पांडवांसमोर. मल्लिनाथ चिडला, चार पाहुण्यांत तमाशा करू नका, म्हणाला. मी मुलींना हाताला धरून ओढलं, त्या रडायला लागल्या. मी पुन्हा ओरडणार तोच शांता आईपाशी वाकली.

"आई, फेरी राहिलीय. आंबील शिंपडायच्या आदी जेवतंय का कोण?"

सासूबाई तेवढ्याचीच वाट बघत असाव्यात. "मी तरी कवाचं म्हनतीय," म्हणत त्या मडकं घेऊन उठल्या. घरातली थोरली उठल्यावर कोण बसतंय? सगळे त्यांच्यामागे निघाले, मल्लिनाथसुद्धा, कुरकुरत.

शेताच्या कडेला, बांधापासून लांब, उंच खडकाळ माळ आहे. मी त्यांना तिकडे वळवलं. पण सासूबाईंचे गुडघे दुखरे, आणि त्या पिकाच्या प्रत्येक ओळीपाशी थांबून शाळूवर आंबील शिंपडत होत्या. त्यांना मागे टाकून कोणी जाणार नाही. मीही घाई करू शकत नव्हतो, केली असती तर त्या रुसून तिथेच बसल्या असत्या. मी सगळ्यांच्या मागे होतो. बांध लांब राहिला तरी ठोके मला तळपायात लागत होते. आणि मधला दम नाहीसा झाला होता. एकावर एक, एकावर एक... जणू आता थांबायला वेळच नव्हता.

सासूबाई खडकावर चढून टेकल्या, मागोमाग एकेक करत सगळे चढले, शेवटी मी. "दमले बाई," सासूबाई म्हणाल्या.

ठोके थांबले.

एक श्वास घेण्याइतकी शांतता. मग बांधाचा माथा मधोमध खचला आणि पाणी आलं. कोप, पानं, ओटा, निम्मा शाळू... बघता बघता काही उरलं नाही. माणूस एकही गेलं नाही. मल्लिनाथ कितीतरी वेळ माझा दंड धरून उभा होता.

पुढे इंजिनिअर येऊन गेले. दुष्काळात तडकलेली माती, झाडांची मुळं, सांडव्यावरच्या फळ्या, आणि मुख्य म्हणजे सिमेंटने कोंडलेला पाझर. सगळं पटलं. आवाजाचं विचारलं तर म्हणाले, आत पाणी खेळतं, त्याचा असेल. मी विचारलं, पाणी तीन ठोके मारून दम घेतं का? ते हसले. चहा घेऊन गेले.

फुटण्याचा आवाज मी त्या दिवशी ऐकला, तो वेगळा. धुम्मस बांध फोडायला मारत नाहीत, बसवायला मारतात. हे माझ्या ध्यानात यायला बरेच दिवस लागले, आणि आल्यापासून मला धड झोप नाही. आत कोण होतं, किती जण होते, मला माहीत नाही. आमचं शेवटचं माणूस खडकावर पोचेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही, एवढंच मी सांगू शकतो.