पाठमोरं गणित

दहावीत मी फक्त गणितात नापास झाले. बाकी विषयांत बरे मार्क होते, इतिहासात तर वर्गात दुसरी. त्यामुळे घरात मला कोणी मठ्ठ म्हणेना, सगळे हट्टी म्हणू लागले. हिनं हे मुद्दाम केलं, असं वडिलांचं ठाम मत. अंबाडी नाक्यावर दुकान असलेल्या एका घरातून मला मागणी आली होती. मुलगी नापास झाल्याचं कळल्यावर त्यांचा उत्साह वाढलाच. वाद न घालणारी सून मिळणार, असं त्यांना वाटलं असावं. बिचारे. वडिलांनी जाहीर केलं, ऑक्टोबरच्या परीक्षेत गणित सुटलं तर कॉलेज, नाहीतर अंबाडी. मला शिक्षिका व्हायचं होतं. रस्त्यावरून अंबाडीची एस.टी. गेली तरी मी तोंड फिरवायचे.

आमचं घर टेमघरला. मागच्या भिंतीला लागून वडिलांचे कापड विणायचे सहा लूम, दोन शिफ्टमध्ये खडखडणारे. भिंतीवरचं कॅलेंडर दिवसभर थरथरायचं. ओरडून उपयोग नसल्यामुळे घरात कोणी ओरडत नसे. ओठ हलवायचे, समोरच्यानं बघायचं. आई चुलीपाशी बसून नुसत्या ओठांनी मला झापायची, आणि मी मान फिरवली की तिची शिवी वाटेतच राहायची. ही सोय मी पुरेपूर वापरली.

शाळेतले गणिताचे सर फार कळकळीनं शिकवत, पण फळ्याला. तासाच्या सुरुवातीला ते जे वळत, ते घंटा झाल्यावरच परत फिरत. त्यांच्या शर्टाची पाठीवरची शिवण, डाव्या खांद्यावरचा खडूचा डाग, हे मला आजही डोळे मिटून काढून दाखवता येईल. वर्गसमीकरण मात्र विचारू नये.

त्या पावसाळ्यात मुंबईहून एक बाई आल्या. मुली गणितात मागे का पडतात, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. शाळेनं नापास मुलींची यादी दिली, त्यात आमच्या आळीतल्या, घरामागे लूम असलेल्या आम्ही पाच जणी निघालो. बाईंनी पिशवीतून जाडजूड फॉर्म काढले. 'गणिताची भीती वाटते का? अजिबात नाही, थोडी, बरीच, अतिशय.' असे पानंच्या पानं प्रश्न.

आईनं फॉर्म हातात घेतला, वजन केल्यासारखा तोलला आणि म्हणाली, "बाई, पोरींची भीती तुमी लिवून नेनार. आमच्या पोरींना काय ठेवनार?"

बाई गोंधळल्या. "म्हणजे, या संशोधनाचा पुढे सगळ्याच मुलींना…"

"पुढं न्हाय. ऑक्टोबरला. एक पान भरून मिलंल, तर एक धडा शिकवायचा."

असा सौदा झाला. शुक्रवारी दिवसभर वीज नसे, लूम बंद असत, म्हणून दर शुक्रवारी लूमच्या शेडमध्येच वर्ग भरू लागला. शेजारच्या कोकणी चाचींनी जुन्या दाराची फळी दिली, लूमसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांनी ती काळी रंगवून भिंतीला टेकवली. चहा चाचींकडून. अख्खी आळी आमच्या गणिताला जुंपली. आई मात्र पानांवर नजर ठेवून होती. मी भसाभस खुणा करायला लागले की दटावायची, "सगली भीती आजच संपवू नको. अजून भूमिती बाकी हाय."

तीन शुक्रवार गेले, आणि आमच्या डोक्यात काही शिरेना. बाईंचं अक्षर सुंदर, समजावणं मनापासून, आणि तोंड फळ्याकडे. आम्ही पाच जणी बाईंची वेणी बघत बसायचो. बाईंनी 'अतिशय' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या, आणि मला अंबाडीचं दुकान डोळ्यांसमोर दिसू लागलं.

चौथ्या शुक्रवारी वीज गेलीच नाही. वडिलांचा माल अडला होता, त्यांनी लूम सुरू करून टाकले. बाई घाबरून उठल्याच. फळा लूमच्या पलीकडे, तिकडे जायची सोय नाही. शेवटी त्या आमच्यासमोर गोणपाटावर बसल्या, पाटी छातीशी धरली आणि घसा फोडून शिकवायला लागल्या. मी खुणेनं सांगितलं, ओरडू नका, नुसतं बोला. त्यांचा विश्वास बसेना, पण घसा बसला होता, म्हणून ऐकलं.

त्या दिवशी दिलेली सगळी उदाहरणं पाचही जणींची बरोबर आली.

मग चहासाठी लूम थांबले. बाई उत्साहानं फळ्याकडे गेल्या, पाठ करून पुढचं उदाहरण सांगितलं. आम्ही ढिम्म. पुन्हा लूम सुरू, बाई पुन्हा गोणपाटावर, उत्तरं पुन्हा बरोबर. बाईंनी फॉर्म उलटून पालटून पाहिला. खडखडाटात कळतं आणि शांततेत कळत नाही, याला त्यात रकानाच नव्हता.

लूम संध्याकाळी बंद झाले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जरा वेळानं वळून म्हणाल्या, "मी आता कोणता आकडा म्हटला?"

"तुम्ही बोललात?" मी विचारलं.

आई भडकली. "माझी पोर बहिरी न्हाय! घरात बोललेला सगला तिला कलतो." एवढं बोलून तिनं झाडू उचलला आणि लूमखालचा कापूस झाडायला लागली. बाई तिच्या मागे गेल्या. नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, पाणी मिळेल का?" मी बाजूला उभी राहून बाईंचे ओठ बघत होते. त्यांनी तीनदा विचारलं. आई झाडत राहिली. वळली तेव्हा आम्ही सगळ्या तिच्याकडेच बघत होतो. तिला कळलं. झाडू भिंतीला लावून ती आत निघून गेली. मला तेव्हा हसू आलं होतं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर फळी चाचींकडे परत गेली. बाई समोर बसून शिकवू लागल्या, आणि गणित हा इतका साधा विषय आहे हे कळून मला सरांचा भयंकर राग आला. बाई मला घेऊन शाळेत गेल्या, सरांना सगळं सांगितलं. सर मनानं चांगले होते. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी खडू उचलला, फळ्याकडे वळले आणि बराच वेळ काहीतरी बोलले. काय ते मला आजतागायत माहीत नाही.

ऑक्टोबरची परीक्षा दिली. निकालाच्या दिवशी आई शाळेसमोर रस्त्याच्या पलीकडे येऊन उभी राहिली. फाटकाच्या आत यायला ती तयार नव्हती. मी कागद घेऊन बाहेर आले, तर मध्ये नेमकी अंबाडीची एस.टी. येऊन थांबली. माणसं चढली, उतरली, कोणाची तरी कोंबड्यांची पाटी टपावर गेली, उगाच वाद झाला. मी दात ओठ खात उभी. अखेर गाडी हलली.

ट्रकांच्या गोंगाटात मी नुसते ओठ हलवले. चौसष्ट.

"किती?" आईनं ओठांनीच विचारलं.

उभ्या आयुष्यात तिनं कोणाच्या ओठांना दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी पुन्हा सांगितलं, सावकाश.