गुरुजींचा नवा फोन

आमच्या पुणतांब्याचे गुरुजी दरवर्षी फोनची कंपनी बदलतात. गावातल्या पूजा, वास्तुशांती, श्राद्धं, सगळं त्यांच्या फोनच्या डायरीत असतं. नवा फोन ते मुहूर्त पाहून सुरू करतात आणि महिनाभर दिसेल त्या यजमानाला दाखवतात. "जुन्यात काही राम नव्हता रे. हा बघ, बोललं की लिहून घेतो." पुढच्या वर्षी स्वारी परत पहिल्या कंपनीकडे. या फोनातल्या नोंदी त्या फोनात जाताना हमखास गळतात. त्यावर गुरुजींचं उत्तर ठरलेलं, "दोघांचं गोत्र जुळत नाही."

यंदा माझ्या वडिलांच्या श्राद्धाला ते अठरा दिवस आधीच दारात उभे राहिले. नव्या फोनने गेल्या वर्षीची इंग्रजी तारीख धरली होती. मध्ये अधिक महिना येऊन गेला, याची त्याला खबरच नव्हती.

आई म्हणाली, "गुरुजी, तिथी अजून लांब आहे."

त्यांनी डोळे मिटून बोटांची पेरं मोजली. "खरंय. वद्य नवमी." मग फोन पाहिला आणि हट्टाने म्हणाले, "पण हा आजच म्हणतोय."

चहा घेऊन ते गेले. मला मात्र नवमीची धास्ती लागली.

नवमीला दहाच्या ठोक्याला गुरुजी सोवळ्याची पिशवी काखेत मारून हजर.

मी विचारलं, "आज फोनने बरोबर सांगितलं वाटतं?"

"कुठला फोन? दोन्ही दुकानात पडलेत. ह्यातलं त्यात घालायला दिलंय." दर्भ सोडवत ते कळवळून म्हणाले, "फोन नसला ना, की काही म्हणता काही लक्षात राहत नाही बघ."