पोचल्याचा मेसेज

हुई मिन माझ्या डेस्कपाशी आली ती उघडा लॅपटॉप हातात घेऊनच. सोमवार होता, सकाळचे साडेअकरा. "प्रसाद, हे आत्ता वाच. कॉफी नंतर," ती म्हणाली. हुई मिन आमच्या कस्टमर सपोर्टची प्रमुख. कॉफीच्या मध्ये ती कधी येत नाही.

स्क्रीनवर एक टिकेट होतं. टिकेट म्हणजे ग्राहकाची तक्रार. तिला एक नंबर पडतो आणि ती सुटेपर्यंत कोणाच्या तरी डोक्यावर बसते. या टिकेटमध्ये मोडक्या इंग्रजीत दोनच ओळी होत्या. कृपया माझ्या भावाच्या फोनवर मेसेज पाठवू नका. कृपया माझं अकाउंट बंद करू नका. खाली नाव होतं, नर्गिस. गाव काबूल.

तो मेसेज मी लिहिला होता.

आमची कंपनी ऑनलाइन क्लास चालवण्याचं सॉफ्टवेअर बनवते. ऑफिस सिंगापुरात, आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये. आमचे बहुतेक विद्यार्थी नोकरी करता करता शिकणारे. त्याशिवाय एका स्वयंसेवी गटाला आम्ही काही जागा फुकट दिल्या होत्या. तो गट अफगाणिस्तानातल्या मुलींना इंग्रजी आणि कॉम्प्युटर शिकवतो. तिथे मुलींना सहावीपुढे शाळा बंद, नंतर विद्यापीठंही बंद झाली. नर्गिस तेव्हा विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. आमच्या यादीत अशा एकेचाळीस जणी होत्या. खरं सांगायचं तर मला त्या 'फ्री सीट्स, ४१' एवढ्याच माहीत होत्या.

आता त्या मेसेजबद्दल. मी पुण्याचा. आमच्या घरात माणूस बाहेर पडला की पोचल्याचा फोन करावाच लागतो. सिंगापूरला येऊन मला एकोणीस वर्षं झाली, तरी विमानतळावर उतरल्याबरोबर आईला "पोचलो" सांगितल्याशिवाय मी बॅगेची वाट बघत नाही. इथे माझी मुलगी ईशा सेंगकांगला ट्यूशनला जाते. तिने कार्ड टेकवलं की माझ्या फोनवर मेसेज येतो. तो आला की मला बरं वाटतं. मग मी म्हटलं, ही सोय आपल्याही सॉफ्टवेअरमध्ये हवी. दर आठवड्याला विद्यार्थ्याच्या घरी मेसेज जाईल, इतके क्लास केले म्हणून. फीचरचं अधिकृत नाव 'फॅमिली अपडेट'. माझ्या टीममध्ये मात्र सगळे त्याला 'पोचलो' म्हणायचे, अगदी केल्विनसुद्धा. केल्विन म्हणजे माझा बॉस. त्याला 'च' जमत नाही, पण तो मनापासून म्हणायचा.

आपल्यावरून जग ओळखावं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. सॉफ्टवेअर लिहिताना ती फार धोक्याची आहे.

फीचर शुक्रवारी सुरू झालं, आणि ते डिफॉल्टने चालू होतं. डिफॉल्ट म्हणजे तुम्ही काहीच केलं नाहीत तर सॉफ्टवेअर तुमच्या वतीने जे ठरवतं ते. घरचा वेगळा नंबर दिला नसेल, तर नोंदणीच्या वेळच्या नंबरवर मेसेज जाईल, हेही मीच ठरवलेलं. नर्गिसच्या घरात सिम एकच, भावाच्या नावावर. नोंदणीचा कोड यायला तिने तोच नंबर दिला होता. दोन मिनिटं फोन हातात मिळाला, तेवढ्यात कोड बघून मेसेज पुसून टाकला होता. शिकायची ती एका सिम नसलेल्या जुन्या फोनवर, शेजारच्यांच्या वायफायवर.

रविवारी दुपारी तिच्या भावाच्या फोनवर मेसेज गेला. अभिनंदन! नर्गिसने या आठवड्यात सहा क्लास पूर्ण केले. तिचा अभिमान बाळगा. भावाला इंग्रजी येत नाही. पण आम्ही हुशार लोक. ज्या देशाचा नंबर, त्या देशाच्या भाषेत मेसेज जाईल अशी सोय केली होती. त्याला सगळं नीट समजलं.

हे सगळं मला नंतर कळलं. सोमवारी हातात फक्त दोन ओळी होत्या. मी आधी 'पोचलो' बंद केलं. अशा फीचरला आतून एक स्विच ठेवलेला असतो. तो मी सगळ्या जगासाठी बंद केला, दहा मिनिटांत. मग लॉग काढले, म्हणजे सॉफ्टवेअरने कधी काय केलं याची नोंद. एकेचाळीसच्या एकेचाळीस मेसेज गेले होते. एकही अडकला नव्हता. एरवी अशा रिपोर्टवर मी टीमला केक आणतो.

कोणता नंबर मुलीचा स्वतःचा, कोणता आईचा, कोणता नवऱ्याचा, हे नंबर बघून कळत नाही.

दुपारी मीटिंग झाली. केल्विन, हुई मिन आणि मी. ऑफिसात आम्ही इंग्रजीच बोलतो, इथे बहुतेक मराठीत लिहितोय.

केल्विन म्हणाला, "सगळी एकेचाळीस अकाउंट आजच सस्पेंड करू. आपल्यामुळे कोणाला काही व्हायला नको."

"करू या," मी म्हणालो. मला तेव्हा त्या प्रकरणातून सुटायचं होतं. कोणाचं भलं करायचं म्हणून मी हो म्हणालो नव्हतो. मी घाबरलो होतो.

हुई मिनने टिकेटचा कागद टेबलावर सरकवला. "यात दोन ओळी आहेत. तुम्ही दोघांनीही पहिलीच वाचलीत."

"हुई मिन, दॅट गर्ल मे गेट हर्ट, ला," केल्विन म्हणाला. 'ला' काय, 'वॉट' काय, ही सिंगापुरी इंग्रजीची शेपटं, आपल्या 'ना'सारखी.

"मग तिलाच विचारू ना. बाय द वे, शी इज ट्वेंटी-टू."

तिला विचारायचं तरी कसं? फोन करणं शक्य नव्हतं. ईमेल कोण वाचतं माहीत नाही. शेवटी तिच्याच टिकेटला उत्तर लिहिलं, म्हणजे ती स्वतः लॉगिन करेल तेव्हाच तिला दिसेल. तुम्ही सुरक्षित आहात का? बोलता येईल का? कधी? मंगळवार पूर्ण गेला. मी दर पाच मिनिटांनी ते पान रिफ्रेश करत होतो. बुधवारी सकाळी उत्तर आलं. आज. तुमचे साडेअकरा, आमचे आठ. भाऊ दुकानात जातो. फक्त आवाज, चित्र नको.

हुई मिन आणि मी छोट्या मीटिंग रूममध्ये बसलो. मी कागदावर माफीची चार वाक्यं लिहून नेली होती. मी इंग्रजीत सुरुवात केली, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "आप हिंदुस्तानी हैं? हिंदी में बोलिए. मैंने टीवी से सीखी है."

मग आम्ही हिंदीत बोललो आणि मी हुई मिनला सांगत गेलो. भावाने दुकानातून घरी येऊन तो जुना फोन भिंतीवर आपटला होता. नंतर नर्गिसचा हात दाराच्या चौकटीवर. उजवं मनगट मोडलं. आईने शेजारणींना सांगितलं, जिन्यावरून पडली. ते टिकेट तिने मैत्रिणीच्या फोनवरून डाव्या हाताने लिहिलं होतं. हे सगळं ती बसची चौकशी करावी तशा आवाजात सांगत होती. माझ्याच्याने हुई मिनकडे बघवेना.

रस्त्यावर फोन तपासतात, ती म्हणाली. तो मेसेज कोणाला सापडला असता तर भावालाच धरून नेलं असतं. तो त्यानेच घाबरला होता.

मी म्हणून गेलो, "यानी वो डर गया था." कुठेतरी मला त्या भावाची बाजू समजून घ्यायची होती. मीच त्याला घाबरवलं होतं ना.

"डरता भी है, मारता भी है," ती म्हणाली. "एक से दूसरा माफ नहीं होता."

मी माझा माफीचा कागद वाचायला लागलो. पहिल्याच वाक्याला तिने थांबवलं. "माफी बाद में, भाईसाहब. पहले लिखिए."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. नर्गिस धरून अकरा मैत्रिणी एकत्र अभ्यास करायच्या, त्यांनी दोन दिवस बसून हे ठरवलं होतं. कोणत्याही फोनवर काहीही पाठवायचं नाही. वर्गात दिसणारं नाव जिचं तिने निवडायचं. एक बटण हवं, दाबलं की क्लासच्या जागी स्वयंपाकाचं पान दिसेल. "और उसमें सच में खाना हो. हमारा खाना. मेरा भाई पढ़ के देखेगा." धडे आधी उतरवून ठेवता यावेत आणि आवाज न लावता वाचता यावेत. सव्वीस वर्षं मी सॉफ्टवेअर बनवतोय. ग्राहकाने इतक्या नेमक्या मागण्या मला कधी सांगितल्या नव्हत्या.

मी भीत भीत म्हणालो, की आमच्याकडे अकाउंट बंद करायचा विचार चाललाय, तुमच्याच सुरक्षिततेसाठी.

मग ती म्हणाली, "स्कूल बंद हुआ, तब भी यही कहा था. आपकी हिफाजत के लिए. किसी ने पूछा नहीं था." आणि मग, "हमें खतरा मालूम है. हम रोज उसमें रहते हैं. आप बस नया खतरा मत बनाइए."

कॉल संपल्यावर हुई मिन खिडकीची काच पुसल्यासारखा तिचा चष्मा पुसत बसली. मी मात्र सरळ रडलो.

केल्विनला मी सगळं सांगितलं. केल्विन वाईट माणूस नाही. त्याला दोन मुली आहेत. त्याने कोपी-ओचा, म्हणजे बिनदुधाच्या कॉफीचा, कप बाजूला ठेवला.

"आणखी एकीला मार बसला तर? तेव्हा मी काय सांगू?"

"सांग की प्रसादने सही केली होती," मी म्हणालो. "सोमवारी बंद करायला मी हो म्हणालो ते मागे घेतो. या फीचरचा ओनर मी. तिच्या यादीतली प्रत्येक गोष्ट होईपर्यंत दुसरं काम घेणार नाही."

"आणि बाकीच्या चाळीस? एकीने सांगितलं म्हणजे सगळ्यांनी सांगितलं असं नाही."

हे त्याचं बरोबर होतं. मी आधी सगळ्यांना माझ्या घरासारख्या मायेच्या घरात बसवलं होतं. आता सगळ्यांना नर्गिस समजायला निघालो होतो. आपली खोड अशी सहजी जात नाही.

मग प्रत्येकीला सॉफ्टवेअरच्या आतूनच विचारलं. चालू ठेवायचं की बंद? पस्तीस जणींनी चालू म्हणून कळवलं. चौघींनी बंद करा म्हटलं, ती अकाउंट आम्ही त्याच दिवशी पुसली. दोघींनी उत्तर दिलं नाही. त्या रविवारनंतर त्यांनी लॉगिनच केलेलं नाही. त्या का आल्या नाहीत हे आम्हाला माहीत नाही. माहीत करून घ्यायचा जो मार्ग होता, फोनवर मेसेज पाठवायचा, तोच आम्ही बंद केला होता, आणि तो बंदच हवा होता. ती दोन नावं मला पाठ आहेत.

त्या आठवड्यात एकदा जेवताना मी घरी हे सांगितलं. ईशा चौदा वर्षांची आहे, मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. ती म्हणाली, "बाबा, माझ्या ट्यूशनचा मेसेज. यू ऑल्सो नेव्हर आस्क मी, ला."

"ते वेगळं आहे," मी उखडलो. "इथे तुला कोणी मारतंय का?"

"आय नो इट्स डिफरंट. नोबडी हिट्स मी. बट यू नेव्हर आस्क, वॉट."

बायको म्हणाली, आमटी गार होतेय. दुसऱ्या दिवशी मी ईशाला विचारलं. ती म्हणाली, राहू दे, काळजीने आजीसारखा वेडा होशील नाहीतर.

नर्गिसची यादी पूर्ण करायला सात आठवडे लागले. स्वयंपाकाच्या पानावर काबुली पुलावाची कृती आहे. ती तिनेच लिहून दिली आणि मसाल्याचं प्रमाण दोनदा दुरुस्त करायला लावलं. 'पोचलो' परत सुरू झालं, पण आता ते डिफॉल्टने बंद असतं. नोंदणीच्या फॉर्मवर फोन नंबरच्या खाली एक प्रश्न वाढला: हा फोन आणखी कोण वाचतं? हा प्रश्न आम्ही फक्त अफगाणिस्तानसाठी ठेवणार होतो. हुई मिनने तो सगळ्यांना लावायला लावला. सिंगापूरमधल्या, भारतातल्या बायकाही तिथे "नवरा", "सासरे" असं लिहितात आणि खालचं 'मेसेज नको' दाबतात. आधी कोणी विचारलंच नव्हतं.

मनगट जुळल्यावर नर्गिसने शेवटची परीक्षा दिली, कॅमेऱ्याशिवाय. चांगल्या मार्कांनी पास झाली. आमच्याकडे पास झालं की सर्टिफिकेट आपोआप ईमेलने जातं. या वेळी मी आधी विचारलं. कोणत्या नावाने देऊ, कुठे पाठवू?

उत्तर आलं, "मेरे पूरे नाम से बनाइए. भेजिए मत. मैं लेने आऊँगी."

आमच्या सिस्टिममध्ये सर्टिफिकेटच्या तीनच अवस्था होत्या. दिलेलं, रद्द, मुदत संपलेलं. चौथी करावी लागली: विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून ठेवलेलं. दर सोमवारच्या रिपोर्टमध्ये ती एक ओळ येते. केल्विनने मध्यंतरी विचारलं, ही एंट्री किती दिवस उघडी ठेवायची? मी म्हटलं, ती येईपर्यंत.

पोचल्याचा निरोप द्यायचा की नाही, आणि कोणाला द्यायचा, हे पोचणाऱ्याने ठरवायचं असतं. एवढी साधी गोष्ट मला शिकवायला एका मुलीचं मनगट मोडावं लागलं.