साखर सोडली, लोणी राहिलं

"अम्मा, साखर छान आहे तुमची. काळजी हृदयाची आहे," डॉक्टर कन्नडात म्हणाले. माझा विश्वासच बसेना. छातीत कधी साधी कळ आली नव्हती. चामराजपेटच्या आमच्या घराचा जिना चढताना दम लागायचा, एवढंच. सत्तरीनंतर दम लागणारच, असं मी आणि माझे थोरले भाऊ, अण्णा, एकमेकांना समजावत होतो.

जुन्या मधुमेहात नसांना इजा होते, डॉक्टरांनी सांगितलं. मग हृदयाला रक्त कमी पडलं तरी दुखेलच असं नाही. कधी नुसता दम लागतो. माझ्या ईसीजीत, म्हणजे हृदयाच्या आलेखात, बदल दिसत होता. लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. त्यातलं एलडीएल, धमन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, फार वाढलं होतं.

"खाण्याचं काय?"

"गोडाला हात लावत नाही," मी ताठ मानेनं सांगितलं.

"ते झालं. बाकीचं?"

बाकीचं म्हणजे आमचा गोतावळा. आम्ही या कन्नड मुलखातले पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी. पंगतीत ओब्बट्टू, म्हणजे आपली पुरणपोळी, आली की चार जणी ओरडतात, "अक्काला नको, शुगर आहे! तिला दोन वडे जास्त घाला." अण्णांनी तर नेमच धरला होता. दर रविवारी माझ्यासाठी बेण्णे दोसा, वर लोण्याचा गोळा. "गोड नाही ना गं? स्वल्प लोणीच," म्हणायचे. मधुमेह त्यांनाही आहे. दोघं मिळून ताव मारायचो आणि पथ्य पाळल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटायचो.

मग अँजिओग्राफी झाली. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या धमन्या बघतात. एक फारच अरुंद झालेली निघाली, तिथं स्टेंट म्हणजे जाळीची नळी बसवली. टेबलावर मी घाबरले होते. अण्णा बाहेरच्या बाकावर होते, तेही घाबरलेच असणार.

"दोष एकट्या लोण्याचा नाही," डॉक्टर नंतर म्हणाले. "वय आहे, मधुमेह आहे. स्टॅटिन, ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, रिपोर्ट चांगला आला तरी स्वतःहून थांबवू नका."

घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी अण्णा दारात उभे राहिले, रिकाम्या हातांनी. "काय आणावं तेच कळेना गं," म्हणाले. मला रडू आलं. तेवढ्यात लक्षात आलं, जिना चढून त्यांनाही धाप लागली होती. इतकी वर्षं ती मला ऐकूच आली नव्हती.

"अण्णा, कोलेस्टेरॉल कधी तपासलंत?"

"मला काय झालंय? दुखत तर काही नाही."

शब्द न शब्द माझाच. मी त्यांना बसूही दिलं नाही, तसंच रिक्षात घातलं.

त्यांचं एलडीएल माझ्याहून वाईट निघालं. पण हृदयाच्या तपासण्यांत धमन्या फारशा अरुंद झालेल्या दिसल्या नाहीत, गोळ्या वेळेत सुरू झाल्या. तुमच्या घरात कुणाचा मधुमेह जुना असेल, तर साखरेच्या जोडीला चरबीचंही डॉक्टरांना विचारा. आणि दुखत नाही म्हणून गप्प बसू नका.

अण्णा अजूनही दर रविवारी येतात. दार उघडण्याआधी मी जिन्यावरच्या त्यांच्या श्वासाकडे कान देते. हात रिकामेच असतात. ते येतात, मला तेवढं पुरतं.